लांबी

एकतीस वर्षं जिनिंगमध्ये माझं काम एवढंच:
चिमूटभर रुई घ्यायची,
अंगठा आणि तर्जनीत धरून ओढायची,
ओढत राहायची, जोवर हातात उरत नाहीत
एका रेषेत निजलेले तंतू,
आणि न मोजता सांगायचं –
एकोणतीस. साडेएकोणतीस.
पट्टीवाले नंतर पट्टी लावायचे
आणि मान हलवायचे.

आता भालोदला, केळीच्या मळ्यात, माघातली रात्र.
पऱ्हाट्यांच्या जाळावर बामणोदची वांगी
सुस्कारे टाकत फुटतायत
आणि ॲडलेडहून आलेली भाची, लीना,
बाटल्यांना माझे जुने पायमोजे चढवतेय.
“मामा, लेबल बघायचं नाही. नुसती प्रत सांगा.”

परवाना आहे, एका दिवसाचा.
डिगंबर फालकांच्या खिशात घडी करून.
दर घटकेला काढून दाखवतात
मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेसारखा.

चार पेले काचेचे, पाचवा स्टीलचा:
हेमराजचा, त्याचाच हट्ट.

पहिलीला पायमोजा काय लपवणार!
बूच सुटलं तसे केळीवरचे बगळे उठले.
बुडबुडे इतके तलम, एकामागे एक, न तुटणारे,
की मला वाटलं आता कुणी
नमुन्याचा निळा कागद पुढे करावा.
इंदूने पेला नाकाशी नेला, मागे घेतला, पुन्हा नेला.
“हे त आपल्या बिबड्याच्या पिठासारखं वास मारून राह्यलं.
तिसऱ्या दिवसाच्या.”
सगळे हसले. लीना हसली नाही.
“मामी, तेच. खमीर.
बाटलीच्या तळाशी निजून असतं, सहा-सहा वर्षं.”
“सहा वर्षं?” इंदू म्हणाली,
“मंग वाळत कधी घालता?”

“आता गिळा,” लीना म्हणाली, “आणि मोजा,
चव किती वेळ टिकते ते.
तिकडे त्याला लांबीच म्हणतात.”

एवढ्या शब्दावर मी बाजेवर सरळ बसलो.

दुसरी पांढरी, कागदी लिंबाची,
आणि पाठीमागे कसलातरी पुसट वास. हेमराज म्हणाला,
“कंदिलाची काच पुसली का कोणी?”
तर तेही बरोबर निघालं.

तिसरी काळी-जांभळी.
झाकण फिरकीचं, खोकल्याच्या औषधासारखं.
मी तोंडात धरली:
पिकलेलं जांभूळ, भरडलेली मिरी,
आणि शपथेवर सांगतो, वांग्याचं करपलेलं साल,
पऱ्हाटीचा धूर.
ऑस्ट्रेलियात कुणी पऱ्हाट्या जाळतं का?
“किंमत?”
“चौदा डॉलर, मामा. माझा अर्ध्या तासाचा पगार.
ती पहिली माझ्या दीड दिवसाची.”
“साडेतीस,” मी म्हणालो. “चौदाला साडेतीस!
हा माल काट्यावर चढायच्या आत उचलला जातो.”
फालकांनी परवान्याच्या पाठीवर लिहून घेतलं.

मग पुन्हा पहिली. उरलेला घोट.
गिळला. मोजत बसलो.
भिजलेली ज्वारी गेली, कच्च्या सफरचंदाची धार गेली,
खडू गेला, आणि काहीतरी
जिभेच्या कडेला उभंच राहिलं.

एकदा, एकदाच, मी तिसाला अठ्ठावीस म्हणालो होतो.
शेठजींनी चष्म्यावरून पाहिलं, एवढंच.
बाई धरणगावकडची, कानात मोठ्या बाळ्या,
भांडली नाही.
नुसती माझ्या अंगठ्याकडे बघत राहिली,
मग गाडीकडे गेली.
त्या रात्री मी घरी पोटभर जेवलो, हेही आठवतं.

“मामा, किती?”

बूच माझ्या हातात होतं. मी ते
अंगठा आणि तर्जनीत धरून ओढत होतो,
जसं काही त्यातूनही तंतू निघणार.
“थांब,” म्हणालो, “अजून संपली नाही.”

इंदूने केळीच्या पानावर भरीत वाढलं,
कांद्याची पात, वर कच्चं तेल,
आणि पान माझ्यासमोर सरकवलं.
“बत्तीस लिहा न मोकये व्हा.
थंड होऊन राह्यलं.”